अर्धा प्लग हातात, अर्धा इंजिनात

गॅरेजमध्ये किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. गाडी खोलली की ती परत जुळेपर्यंत ड्रायव्हरला दुसरं काही कामच नसतं. चहा येतो, तो बोलायला लागतो, आणि आपल्याकडे ढीग साचत जातो.

आमचं गॅरेज पोलोग्राउंडला. आजोबा इंदूरला आले ते मिलमध्ये क्लार्क म्हणून, वडीलही मिलमध्येच, आणि मी ट्रकच्या खाली! सोबतीला मालवीयजी, आमचे मोठे मिस्त्री. क्लच, गिअरबॉक्स, सगळं खोलून झालं आमचं. पण सगळ्यात जास्त किस्से निघाले ते त्या बोटाएवढ्या स्पार्क प्लगमधून.

* * *

पूर्वी ट्रक म्हणजे डिझेल, आणि डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. मग सीएनजीचे ट्रक आले. गॅस पेटवायला ठिणगी लागते, म्हणून प्लगही आले.

कालूरामजी नावाचे एक ड्रायव्हर. सगळी हयात डिझेलवर गेलेली. मालकाने त्यांना नवा सीएनजी ट्रक दिला आणि थोड्याच दिवसांत इंजिन झटके मारायला लागलं. फोनवर ऐकून मी म्हटलं, "प्लग खराब दिसतोय. काढून घेऊन या."

आले. खिशातून मोबाइलचा चार्जर काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ये लो भिया, निकाल दिया! कल से मोबाइल बंद पड़ा है, गाड़ी फिर भी झटके मार रही है!"

* * *

मालवीयजींचा नियम एकच. गरम इंजिनातून प्लग काढायचा नाही. आटे जातात, नाहीतर प्लगच तुटतो.

जुनी इंदूरचे एक ट्रान्सपोर्टवाले सेठजी घाईत आले. "कितनी देर लगेगी?"

मालवीयजी म्हणाले, "पोहे खा के आओ. तब तक ठंडा हो जाएगा."

सेठजी गेले. पोहे खाल्ले, फोन केला. इंजिन अजून गरमच. मग जिलेबी खाल्ली, फोन केला. गरम. मग कचोरी. शेवटी परत आले ते घामाघूम होऊन, आणि स्टुलावर बसून राहिले.

मालवीयजींनी इंजिनाला हात लावला. "हओ सेठजी, ठंडा हो गया."

सेठजींनी पोटावर हात ठेवला. "उसको तो ठंडा कर लिया. अब इसका क्या करूँ?"

* * *

माझी बायको वैशाली दातांची डॉक्टर. एकदा क्लिनिकमधून येताना मला घ्यायला गॅरेजवर आली, तेव्हा मालवीयजी एक तुटका प्लग काढत होते. वरची पांढरी चिनी माती तुटून हातात आलेली, खालचा लोखंडी भाग इंजिनात घट्ट बसलेला. अशा वेळी जोर करून चालत नाही. तेल सोडायचं, वाट बघायची, उलट्या आट्यांचा दांडा आत बसवायचा, थोडं फिरवायचं, थोडं मागे घ्यायचं, पुन्हा तेल.

वैशाली पर्स खांद्यावर तशीच ठेवून, वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हेच तर मी दिवसभर करते! फक्त तुमचा पेशंट बरा आहे, ओरडत तरी नाही."

मालवीयजींनी मान वर केली नाही. ट्रकचा मालक मागे उभा होता, त्याच्याकडे फक्त बोट केलं.

"मैडम, हमारे यहाँ पेशंट नहीं चिल्लाता, उसका बाप चिल्लाता है!"

* * *

प्लग तुटला की आणखी एक भानगड. चिनी मातीचे कण आत सिलिंडरमध्ये पडतात. ते काढल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. एकदा आमचा व्हॅक्यूम बंद पडला, म्हणून मी घरचा उचलून आणला. बारीक पाइप जोडला, कण निघाले, मी खूश. व्हॅक्यूम परत जागेवर.

दुसऱ्या दिवशी आईने त्याच पाइपाने सोफा साफ केला. पांढऱ्या कव्हरवर ग्रीसचे असे पट्टे उठले की विचारू नका!

 संध्याकाळी मावशी आली, आईने माझ्यासमोर तिला हात धरून बसवलं. "बस गं निवांत. आजच सर्व्हिसिंग झालंय सोफ्याचं."

* * *

आणि मानपूरचा किस्सा.

उजाडता उजाडता फोन आला. सीएनजीचा ट्रक, मानपूरच्या ढाब्यावर उभा. इंजिन झटके मारतंय म्हणून ड्रायव्हरने स्वतःच गरम इंजिनातून प्लग काढायला घेतला आणि तोडून ठेवला. ड्रायव्हरचं नाव भेरूसिंग. फोनवरच ओरडत होता, "भिया, जल्दी आओ! माल ज़िंदा है!"

मला वाटलं, कोंबड्या असतील. मी आणि मालवीयजी पोचलो, तर ट्रकमध्ये लाकडी पेट्या. मधमाश्यांच्या!

त्यांचा मालक देवीलाल, मंदसौरकडचा. एका पिकाचा फुलोरा संपला की पेट्या ट्रकमध्ये घालून दुसऱ्या पिकाकडे न्यायच्या, हाच त्याचा धंदा. प्रवास रात्री, पेट्यांची तोंडं बंद करून. आता ऊन चढत होतं. बंद पेटीत माश्या गुदमरून मरतात. देवीलाल एका पेटीला कान लावून बसला होता. आतून येणारा आवाज वाढत चालला होता, तो आम्हालाही ऐकू येत होता.

"कितनी देर?" त्याने विचारलं.

मालवीयजींनी प्लग बघितला. खोटं बोलले नाहीत. "देर लगेगी."

देवीलालने पेटीवरून कान काढला. मग उठला आणि एकेक करून सगळ्या पेट्यांची तोंडं उघडली.

माश्या निघाल्या. आधी ट्रकभोवती घोंघावल्या, मग बाजूच्या शेतांकडे पांगल्या. ढाबा क्षणात रिकामा! मालवीयजी माझ्या मागे. "भिया, अपन इंजन से नहीं डरते, पर ये..." देवीलालने स्वतःची जाळीची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली. टोपी घालूनच त्यांनी काम केलं. तेल, वाट, थोडं फिरव, थोडं मागे. मी टॉर्च धरून उभा. कुणालाही माशी चावली नाही.

जेवणवेळेच्या आत प्लग निघाला. आतले कण काढले, नवा बसवला, इंजिन एका सेल्फमध्ये सुरू! भेरूसिंग उडी मारून सीटवर बसला. "चलो, चलो!"

देवीलाल खाटेवर आडवा झालेला. "कहाँ चलो? सवारी तो घूमने गई है."

सगळ्या माश्या संध्याकाळीच परततात, आणि जिथून उडाल्या तिथेच. ट्रक हलवला तर घर हरवणार त्यांचं. भेरूसिंग रागाने लाल! हॉर्न वाजवला, ट्रकच्या मालकाला फोन लावला, टायरला लाथ मारली. "अब कीड़ों के लिए रुकूँ क्या?" देवीलालने कूस बदलली. आमचं काम झालं होतं, पण का कोण जाणे, आम्हीही थांबलो. दाल-बाफले खाल्ले. दुपार सरली.

ऊन उतरलं तशा माश्या यायला लागल्या. आधी एक-दोन, मग झुंडी. भेरूसिंग सीटवरून उतरला आणि लांब उभा राहून बघू लागला. अंधारायला लागलं तसं येणं थांबलं. देवीलालने एकेक पेटी बंद केली. शेवटच्या पेटीच्या तोंडावर हात ठेवून तो म्हणाला, "हो गया. चलो भाई."

भेरूसिंग हलला नाही. शेताकडे बघत त्याने हात वर केला.

"रुक जा. एक और आ रही है."