रेडिओवर आईचं नाव

अबू नायफची कॉफी म्हणजे कडू जहर. तरी आमचं सगळं गाव त्याच्याच दुकानात बसायचं, कारण जेनिन शहरापासून आमच्या डोंगरापर्यंत रेडिओ काय तो त्याच्याकडेच. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा.

दुसऱ्या महायुद्धात त्याचा मुलगा नायफ इंग्रजांच्या फौजेत गेला. ग्रीसच्या किनाऱ्यावर त्याची तुकडी जर्मनांच्या हाती सापडली, एवढंच कळलं. पोरगा जिवंत आहे की नाही, कोणी सांगेना.

जर्मनांच्या बाजूचं एक अरबी केंद्र संध्याकाळी लागायचं. निवेदकाचा आवाज कसा, तर तूप ओतल्यासारखा. "अरब बंधूंनो, तुमच्या मुक्तीची घटका आली!" आणि विजयांच्या बढायांच्या मध्ये मध्ये कैद्यांचे निरोप पेरलेले. एका निरोपासाठी बाप दहा थापा मुकाट ऐकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

एकच इंग्रजी जहाज त्यांनी तिसऱ्यांदा बुडवलं, तेव्हा आमचा खेचरवाला खलफ म्हणाला, "अहो, हे जहाज आहे का बदक?"

"गप रे मेल्या!" अबू नायफ ओरडला. "तुझ्या बडबडीत माझं पोर निसटून जायचं!"

आणि एके दिवशी निरोप आला की हो! खरखरीतून आवाज आला, "मी नायफ. इथं मटण मिळतं, मान मिळतो. जर्मन आपले मित्र आहेत. बाबांना सलाम. माझी आई झरीफा, तिला सलाम."

"मुबारक, चाचा!" म्हणत खलफ उठला, आणि उठता उठता थांबला. त्याची जीभ पुढच्या दाताच्या फटीत गेली. आमच्यात आईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. ती उम्म नायफ, नायफची आई, बस्स. शाळेत खलफनं ते नाव एकदा मोठ्यानं घेतलं, तेव्हा नायफनंच तो दात पाडला होता.

सगळं दुकान जमिनीकडे बघत राहिलं.

म्हाताऱ्याला मी घरी पोचवलं. उम्म नायफ दारातच उभी होती.

"आवाज त्याचाच ना?"

"खरखर होती," म्हातारा म्हणाला.

"माझं नाव घेतलं म्हणे. मग तोच. दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?"

"अगं, फौजेच्या कागदांत आईचं नाव लिहिलेलं असतं, ते जर्मनांच्या हाती लागलं असेल. आपला नायफ मेला असता, पण तुझं नाव बाजारात घेतलं नसतं."

"म्हणजे मेलाच म्हणता?"

म्हाताऱ्यानं पाठ फिरवून जोडे काढले.

पुढच्या आठवड्यात तोच निरोप पुन्हा लागला. तीच खरखर, तेच मटण. मग वरचेवर लागू लागला. तबकडीच ती. बायकोचं नाव असं चव्हाट्यावर वाजायचं, मान खाली घालून अबू नायफ ऐकायचा, पण रेडिओ बंद करायला त्याचा हात धजेना. ती दुकानाच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. लढाईनंतर सुटून आलेल्यांनी सांगितलं, नायफ त्या किनाऱ्यावरून उठलाच नाही. पण ते नंतरचं.

जर्मन हरले, आणि ते केंद्र मुकं झालं. अबू नायफ कितीतरी वेळ काटा फिरवत बसला. रेडिओत नुसता वारा वाहत होता.

मागच्या दारातून ती म्हणाली, "अहो, आज माझं नाव नाही घेतलं का कुणी?"