बोटीच्या बॅटरीवाल्या मावशी

"खरं सांग गं बाई!"

हे बॅटरीला उद्देशून असायचं. मावशी काचेच्या नळीत बॅटरीतलं पाणी ओढायच्या, एक डोळा मिटून नळी उन्हात धरायच्या आणि आतली कांडी किती तरंगते ते बघायच्या. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, बाई चोराची जबानी घेतेय.

शिरोळकडच्या आमच्या गावात त्यांचं बॅटरीचं दुकान होतं. नवऱ्यामागे त्यांनीच चालवलेलं. मी शाळामास्तर. पोहता येत नाही, म्हणून पूरबचाव पथकात माझ्याकडे बोटीच्या दोन बॅटऱ्या सोपवल्या होत्या; दिव्याची एक, वायरलेसची एक. मे महिन्यात त्या मावशींकडे न्यायच्या.

"मास्तर, वरीसभर बघितलं न्हाईसा व्हय हिच्याकडं?"

"बोट वापरलीच नाही, मावशी."

"म्हणूनच बिघडलीया की!"

मग झाकणं काढून, पूर्ण भरल्यावरही त्या चार्जिंग सुरूच ठेवायच्या. बॅटरीच्या सहा कप्प्यांतले मागे पडलेले बाकीच्यांच्या बरोबरीला यावेत म्हणून. पाणी बुडबुडायचं, वायू निघायचा, आंबूस वास सुटायचा. त्या वायूला ठिणगी चालत नाही, कुणी विडी काढली की मावशी गरजायच्या, "पावणं, उडायचं असंल तर रस्त्यावर जावा!"

एकदा पथकप्रमुख घाईत आले. "भरली की, द्या आता."

"पाच कप्पं भरल्यात. सहावा बुडवंल की तुमास्नी!"

बॅटरी दुसऱ्या दिवशीच मिळाली.

त्याच पावसाळ्यात पूर आला. मावशींना आम्हीच बोटीनं पुरातून बाहेर काढलं. सोबत एक ओली बाळंतीण आणि तिची सासू. वाटेत उसाचा पाला पंख्यात अडकला, इंजिन बंद पडलं. बोट बाभळीला बांधली, वायरलेसवर निरोप दिला. अंधारून आलं तसा दिवा लावला. दोन तास झाले. बॅटरी संपेल या भीतीनं मी बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे. आपून दिसाय पायजे की."

"टिकेल?"

"मी भरलीया."

आवाज ठाम होता. पण माझं मनगट त्यांनी असं धरलं होतं, की बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

त्या उजेडावरच दुसरी बोट आली. बाळंतिणीला आधी चढवून मावशी सगळ्यांत शेवटी चढल्या. वळून म्हणाल्या, "मास्तर, आता करा बंद."

पुरात दुकान गेलं. मावशी लेकीकडे वडगावला राहायला गेल्या आणि गेल्या थंडीत तिकडेच वारल्या.

यंदा मी घरीच चार्जिंग लावलं. व्हरांड्यात बुडबुड ऐकत बसायला दोन खुर्च्या मांडल्या. बायकोनं विचारलं, "कुणी येणार आहे का?"

"नाही," मी म्हणालो. दुसरी खुर्ची मात्र आत नेली नाही.