फुलीच्या पलीकडचा घाट

सुदुंबऱ्याच्या आदिनाथ गाडे यांना सासुरवाडीची काही म्हातारी माणसं अजूनही ‘बँकेतले पाव्हणे’ म्हणतात. चूक त्यांची नाही. लग्न जमत होतं तेव्हा इंदुरीच्या अंबूबाईंनी, म्हणजे होऊ घातलेल्या सासूबाईंनी, मध्यस्थाला विचारलं होतं, की मुलगा रेल्वेत नेमकं करतो काय. मध्यस्थ म्हणाला, “लोणावळ्याला बँकरवर हाय.” अंबूबाईंनी त्यातली रेल्वे सोडली आणि बँक तेवढी घट्ट धरली. पहिल्या दिवाळसणाला जावईबापू गेले, तर ओट्यावर चौघं जण पासबुकं घेऊन बसलेले. चुलतसासरे दत्तोबा म्हणाले, “पाव्हणं, एवढा शिक्का मारून द्या, तळेगावापतुर जायाचं वाचंल.”

आदिनाथांनी सगळ्यांना बसवून समजावलं. घाट चढताना एकट्या पुढच्या इंजिनाच्यानं गाडी वर येत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं जोडतात. ती लोणावळ्यापर्यंत मागून रेटतात, तिथं सुटतात आणि पुढची गाडी रेटायला परत खाली जातात. त्या रेटणाऱ्या इंजिनाला म्हणायचं बँकर. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, माना डोलावल्या. मग दत्तोबांनी विचारलं, “ते समदं खरं, पन शिक्का कोन मारनार?”

अशी ही नोकरी. सुदुंबऱ्याहून सायकलीवर बेगडेवाडी स्टेशन, तिथून लोकलनं लोणावळा आणि मग इंजिनावर. आधी असिस्टंट, मग ड्रायव्हर, मिळून अठ्ठावीस वर्षं. सगळी बँकरवरच. आता लोकांना वाटतं, काय नशीबवान माणूस, रोज फुकटात खंडाळ्याचा घाट बघायला मिळतो! पण बँकरच्या काचेतून चढताना काय दिसतं, तर समोरच्या शेवटच्या डब्याची पाठ आणि तिच्यावरची भली मोठी पिवळी फुली. डब्यातली माणसं दऱ्या बघून आ वासायची आणि आदिनाथ फुली बघायचे. परतताना इंजिन एकटं असायचं, समोर सगळं मोकळं असायचं, पण उतरताना माणूस घाट बघत नाही, ब्रेक बघतो. पुढचं काही दिसत नसल्यानं त्यांनी कानावर काम केलं. मोटरचा आवाज कसा लागतोय, पायाखालचा पत्रा कसा थरथरतोय, यावरून गाडी कुठं जड झाली ते त्यांना कळायचं. आवाजात काही खटकलं की त्यांचा हात आपोआप उजव्या कानाच्या पाळीकडं जायचा.

घाट एकदा समोरून चढायचा, ही त्यांची एवढीच हौस होती. मेन लाइनच्या गाडीवर, म्हणजे पुढच्या इंजिनावर, बदली मिळाली की चढू, असं ते दरवर्षी म्हणायचे. बदली यायची तेव्हा आली नाही आणि बावन्नाव्या वर्षी नेमाच्या तपासणीत डोळ्यांत काचबिंदू निघाला. डाव्या बाजूची नजर हळूहळू मिटत चालली होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसात टेबलावर बसवलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी सांभाळायची, किती दिवस सांभाळेल ते सांगता येत नाही. आदिनाथांनी ते ऐकून घेतलं, कुणाला बोल लावला नाही. फक्त बेगडेवाडीच्या फलाटावर एखादी एक्स्प्रेस धडधडत आली की ते पाठ फिरवून उभे राहायचे.

त्यांची लेक कोमल हिंजवडीला एका कंपनीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी चौघा मित्रमैत्रिणींची टीम करून गोळीबाराचे गेम खेळायचे, असा तिचा दिनक्रम. तिचा लॅपटॉप इतका तापायचा की नंदाबाई, म्हणजे तिची आई, म्हणायची, “ह्याच्यावर एक भाकर टाकू का?” म्हणून कोमलनं खास गेमसाठीचा मोठा पीसी बांधायला घेतला होता. गेल्या वर्षी आदिनाथ रिटायर झाले, त्याच सुमाराला तिला मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. रेल्वे चालवायच्या एका गेममध्ये कुणा हौशी पोरांनी कर्जत-लोणावळा घाट बनवला होता. तिनं तो बापाला दाखवला.

आदिनाथांनी मोबाइल नाकाला लावून तो व्हिडिओ चार वेळा बघितला. घाटातल्या जांबरुंग स्टेशनाशी तो थांबवून म्हणाले, “ह्यो फाटा बराबर दावलाय पोरांनी. हितं आल्यावर असंच वळतंय.” मग मोबाइल परत देत म्हणाले, “चांगलं हाय. पन बारीक दिसतं गं.”

कोमलनं त्याच वेळी ठरवलं, की पीसी तिच्या खोलीत न ठेवता बाहेरच्या खोलीत ठेवायचा, टीव्हीएवढा पडदा लावायचा आणि बापाला घाट चढवायचा, नजर आहे तोवर.

सगळं जमलं, घोडं अडलं ते ग्राफिक्स कार्डाशी. गेममधलं चित्र पडद्यावर काढायचं काम हे कार्ड करतं, त्यामुळं पीसीतला सगळ्यात महागडा भाग तोच. तळेगावात सत्यम नावाच्या तरुणाचं दुकान आहे. तिथं दोन कार्डं निवडून ठेवलेली. आतली चिप दोन्हींत एकच, फक्त बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. पहिलं थोडं जास्त वेगाचं, अंगावर रंगीबेरंगी दिवे, गणपतीच्या मखरासारखं झगमगणारं. दुसरं काळं, ठोकळ्यासारखं, वजनानं जड आणि वेगाला किंचित कमी. किमती जवळपास सारख्या. कोमलचा जीव सहा महिन्यांपासून पहिल्यावर जडलेला, तिच्या मोबाइलच्या पडद्यावर देवाच्या जागी त्याचाच फोटो होता.

रविवारी बापलेक दुकानात गेले. सत्यमनं आकडे मांडायला सुरुवात केली. सेकंदाला याची चित्रं इतकी, त्याची इतकी. या दोघांत डावं-उजवं करणं अवघड आहे, पण गेमसाठी पहिलंच घ्या काका, असं त्याचं मत पडलं. कोमलचा चेहरा खुलला. आदिनाथ स्टुलावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हे चालवून दावता येत्यात का?”

“येतात की. दोन्ही टेबलवर लावून दाखवतो.”

“मंग त्यो वरचा पंखा बंद करा. आनि शटर वाइच खाली घ्या, रस्त्याचा आवाज येतोय.”

सत्यमनं आठ वर्षांत अशी फर्माईश ऐकली नव्हती. लोक कार्ड बघायला येतात, ऐकायला कोण येतं? पण वडीलधारा माणूस म्हणून त्यानं पंखा बंद केला आणि शटर अर्धं ओढलं. पहिलं कार्ड टेबलावर लावून पूर्ण ताणावर चालवलं. पडद्यावर डोंगर, पाणी, धूर असं काय काय झरझर पळायला लागलं. आदिनाथांनी तिकडं बघितलंही नाही. डोळे मिटून त्यांनी टेबलावर तळहात ठेवला. कार्डाच्या पंख्यांच्या घरघरीखाली एक बारीक किर्र असा सूर होता. त्यांचा हात कानाच्या पाळीकडं गेला. मग दुसरं कार्ड लावलं. त्याचे पंखे फिरत होते, पण आवाज असा, की शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय. आदिनाथांचा हात टेबलावरच राहिला.

“कुठलं घ्यायचं, पप्पा?” कोमलनं विचारलं.

“पैलं घे,” आदिनाथ लगेच म्हणाले. “येगाचं हाय. तुज्या टीमला तेच लागनार. मला काय, कुटलंबी चालतंय.”

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा जरा जास्तच भरभर बोलतो. घाटात मोटर कशी बोलते ते ऐकल्याशिवाय त्यांचा हात चालणार नव्हता, आणि ती किर्र मध्ये आली असती तर त्यांचा घाट अर्धा राहिला असता. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मशीन लेकीचं. तिनं सहा महिने जे डोळ्यांसमोर ठेवलं, ते आपल्या कानापायी जावं असं त्यांना वाटत नव्हतं.

कोमल त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “पहिल्याच्या वेळी तुम्ही कान चोळलात.”

“खाजला असंल.”

“सत्यमदादा, दुसरं पॅक करा.”

सत्यम म्हणाला, “अगं, पण तुझे ते सेकंदाचे आकडे?” त्यानं गंमत म्हणून पहिलं कार्ड पुन्हा लावलं, स्वतः कान जवळ नेला आणि मान हलवली. “आठ वर्षं विकतोय, हा सूर कधी ऐकलाच नव्हता,” तो प्रांजळपणे म्हणाला. आदिनाथ पाठ फिरवून शटर वर करायला गेले. दुकानात रडणारा गाडे त्यांना व्हायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी पीसी तयार झाला. आदिनाथ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले. कोमलनं बटणं समजावली. कर्जतहून गाडी सुटली. पळसदरी गेलं, चढ लागला आणि पुढं फुली नव्हती. दोन रूळ होते, डोंगर होता, वळणामागून वळण समोरून येत होतं. मोटरचा आवाज खाली गेला की आदिनाथ बघायच्या आधीच बटण दाबत होते. नंदाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला तरी त्यांना पत्ता नव्हता. “आसा हाय व्हय ह्यो,” ते दोनदा म्हणाले.

ठाकूरवाडीच्या पुढं एका बोगद्यातून गाडी बाहेर आली, थोडी पुढं गेली आणि एकाएकी पडदा काळा झाला. लाल सिग्नल ओलांडला, खेळ संपला, असं काहीसं लिहून आलं.

कोमल हसली. “असू दे, परत सुरू करू.”

पण आदिनाथांनी हात काढून मांडीवर ठेवले होते. “अठ्ठावीस वर्सांत एक सिग्नल तोडला न्हाई मी,” ते म्हणाले. “बंद कर ते. झालं बघून.”

कोमलचं हसू मावळलं. तिला आधी कळेना, की एवढा ढळढळीत सिग्नल यांना दिसला कसा नाही. मग लक्षात आलं. सिग्नल डाव्या हाताला होता. बापाच्या नजरेत डावीकडचं जग आता उरलंच नव्हतं. घाट चढवायच्या नादात तिनं पडदा बघितला, कार्ड बघितलं, आणि हे बघायचं राहून गेलं. तिला स्वतःचीच चीड आली.

मग तिनं विचारलं, “पप्पा, इंजिनात तुम्ही एकटे असायचात का?”

“न्हाई. असिस्टंट असतोय की.”

“तो काय करतो?”

“सिग्नल बोलतो. त्याला दिसला की त्यानं मोठ्यानं बोलायचं. मग म्या माज्या डोळ्यांनी बघायचा आनि म्याबी बोलायचं. दोगांचं एक आलं तरच गाडी म्होरं.”

कोमल उठली. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिनं बापाच्या डाव्या बाजूला ठेवलं आणि बसली. “मग बोलते मी. मोठ्यानं म्हणजे किती मोठ्यानं?”

“मोटरच्या वर आवाज ग्येला पायजे.”

त्या दिवशी सुदुंबऱ्यातल्या त्या आळीनं सकाळभर बापलेकीचा ओरडा ऐकला. “पिवळा!” “पिवळा!” “हिरवा!” “हिरवा!” कुणाला वाटलं भांडण लागलंय, कुणाला वाटलं रंगांची उजळणी चाललीय. नागनाथ गेलं, मंकी हिल गेलं, खंडाळा गेला. लोणावळ्याच्या फलाटाला गाडी लागली तेव्हा आदिनाथांनी ब्रेक असा लावला, की पेला भरून ठेवला असता तरी पाणी सांडलं नसतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. कोमलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “लय उपकार झाले पोरी.” बापानं लेकीला असं बोलायची या घरात पद्धत नाही. ते बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्यमला घरचा इंद्रायणी तांदूळ नेऊन दिला. घाट बनवणाऱ्या पोरांना त्या व्हिडिओखाली कोमलकडून लिहून घेतलं: “जांबरुंगचा फाटा बरोबर आहे. आपला फार आभारी आहे. आदिनाथ गाडे, बँकर, लोणावळा.” त्यावर व्हिडिओ बघणाऱ्या एकानं विचारलं, सर, कुठली बँक?

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. ती फक्त नंदाबाईंना सांगितली, दिवेलागणीला त्या डोळ्यांत थेंब घालत होत्या तेव्हा.

“लोनावळ्यात शिरताना शेवटचा सिग्नल होता ना, त्यो मला दिसलाच न्हवता. मान वळवली तरीबी दिसला न्हाई.”

“अवं, पन तुमी तर ‘हिरवा’ म्हनलात. म्या ऐकलं आतून.”

“ती म्हनली म्हनून म्या म्हनलो.”

नंदाबाईंचा हात थांबला. न बघितलेला सिग्नल हा माणूस कधी बोलला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. “आनि लाल असता तर?”

“तर ती लाल म्हनली असती,” आदिनाथ म्हणाले आणि दुसरा डोळा पुढं केला.