मामाने चौघांना हार घातला

मामा आज सकाळी गेला.

आणि मला रडायचीसुद्धा लाज वाटतेय.

खाली लगेच RIP लिहू नका. आधी वाचा. वाचून शिव्या घालाव्याशा वाटल्या तर घाला, मी डिलीट करणार नाही.

माझा मामा पनवेल कोळीवाड्यातला. तरुणपणी बोटीवर खलाशी, नंतर जन्मभर मासळीचा धंदा.

विशीत असताना परदेशातल्या कुठल्याशा बंदरात, खलाशांच्या क्लबमध्ये त्याने आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही पाहिला. टीव्हीवर चार पोरं गात होती, पळत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती.

साठच्या दशकातला बँड. टीव्ही सिरियलसाठी मुद्दाम जमवलेला. नाव लिहीत नाही, नाहीतर कमेंटमध्ये परत तीच थट्टा सुरू होईल.

"मामा, तुला इंग्रजी कळत होतं का तेव्हा?"

"हसाला इंग्रजी कशाला लागतं रं? घर सोडून आठ म्हैने झालेले. त्या पोरांनी हसवलं मना."

येताना त्यांची एक रेकॉर्ड घेऊन आला. घरात रेकॉर्ड प्लेअर नाही. ती रेकॉर्ड कित्येक वर्षं देव्हाऱ्याशेजारी नुसती उभी होती, मामी रोज तिच्यावरची धूळ पुसायची.

मी कॉलेजात गिटार वाजवायचो. म्हणजे मी शहाणा.

एकदा त्याला ऐकवलं, "हा बँड नकली आहे मामा. ऑडिशन घेऊन गोळा केलेली पोरं. सुरुवातीला तर वाद्यंपण दुसऱ्यांनीच वाजवलीत."

मामा कोळंबी सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या आयशीचं लगीन पन मीच जमवलं. मंग तिचा संसार नकली हाय काय?"

आई आतून खो खो हसली.

पुढे काही वर्षांनी त्या चौघांतला एक गेला. बातमी मीच मामाला फोनवर सांगितली, अगदी सहज, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी.

मामा म्हणाला, "फ्लेक्स लावू या."

आमच्याकडे माणूस गेला की नाक्यावर फ्लेक्स लागतो. फोटो, फोटोला हार, दोन बाजूंना समया, खाली शोकाकुल कोण ते. मामाच्या हिशेबात घरचंच माणूस गेलं होतं.

"तू जरा चल माझ्यासंगती. इंग्रजी नाव चुकाला नको, फोटो पन तू दाखव."

"ऑफिसात आहे मामा. तूच बघ ना."

ऑफिसात नव्हतो. नवीन पनवेलला घरी लोळत पडलो होतो. स्टेशन ओलांडलं की त्याचं घर, रिक्षाने दहा मिनिटं.

मामा एकटाच गेला, रेकॉर्डचं कव्हर घेऊन. फ्लेक्सवाल्याने कव्हर स्कॅन केलं आणि चौघांनाही हार घातला.

गेलेला एक. तिघे ठणठणीत जिवंत.

मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर चौघांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल म्हणून खाली मामाचं एकट्याचं नाव.

मी काय केलं? फोटो काढला. फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, "आमच्या मामाने एका फ्लेक्समध्ये चौघांना पोचवलं." हसून रडणाऱ्या चार स्मायली.

लाइकचा पाऊस पडला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे आहेत त्यात.

मामाला चूक मी दुसऱ्या दिवशी सांगितली. त्याचा चेहरा पडला. "अरे देवा! त्यांच्या घरच्यांना काय वाटंल?" मग स्वतःचीच समजूत घातली, "जित्या मान्साला हार घातला का आयुष्य वाढतं म्हंतात. जगू दे तिघांना." फेसबुकचं त्याला माहीतच नव्हतं.

महिन्याभराने मला एका अनोळखी बाईचा मेसेज आला. साता समुद्रापलीकडून. रिटायर्ड शिक्षिका. फोटो कुणीतरी शेअर करत करत त्या बँडच्या फॅन ग्रुपपर्यंत नेला होता, कुणीतरी मजकुराचा अर्थही सांगितला होता.

तिने लिहिलं होतं की शाळेत असल्यापासून लोक आम्हाला हसत आलेत, खोट्या बँडवर प्रेम करता म्हणून. तुमच्या मामांचा फोटो बघून आम्ही सगळ्या म्हाताऱ्या आधी हसलो आणि मग रडलो. त्यांना सांगा, ते आमच्यातलेच आहेत. पत्ता द्या, आम्हाला त्यांना एक कार्ड पाठवायचंय, सगळ्यांच्या सह्यांचं.

मी उत्तर दिलं नाही.

कारण मामाला हे सांगायचं म्हणजे ती पोस्ट दाखवावी लागली असती. वरचं वाक्य दाखवावं लागलं असतं. खालच्या कमेंट दाखवाव्या लागल्या असत्या.

आणि मामा विचारायचा हो. दर गणपतीला, दर शिमग्याला, मी त्याच्या घरी गेलो की हमखास.

"काय रं, तिकडं कुनाला कललं असंल का? का पनवेलमदून कुनीतरी हार घातलेला?"

"नाही मामा. तिकडे कुणाला कळणार?"

"हा, ते पन हाय," म्हणायचा, आणि माझ्या ताटात अजून एक तुकडी वाढायचा.

पाच वर्षं. दर वेळी तेच उत्तर. थू माझ्या जिंदगानीवर.

शेवटचं त्याने हॉस्पिटलात विचारलं, मागच्या आठवड्यात. तेव्हा तरी सांगायचं ना! मोबाइल खिशात होता. मेसेज त्यात होता. मी म्हटलं, "मामा, आराम कर."

आज दुपारी स्मशानघाटावरून आल्यावर त्या बाईला उत्तर लिहिलं. सगळं खरं लिहिलं. तिने अजून वाचलेलं नाही. ती तरी आहे की नाही, कोण जाणे.

मामा, कळलं होतं रे. तिकडे सगळ्यांना कळलं होतं. कार्ड पाठवणार होते तुला.

संध्याकाळी फ्लेक्सवाल्याकडे जाऊन आलो. मी स्वतः गेलो. नाव दोनदा तपासलं, फोटो दोनदा तपासला. त्याच कोपऱ्यावर लागलाय.

भावपूर्ण श्रद्धांजली, मामा. शोकाकुल म्हणून खाली कुणाचं नाव टाकू, असं फ्लेक्सवाल्याने विचारलं. साता समुद्रापलीकडच्या त्या बायकांचं टाकलंय, पहिलं. माझं टाकायची हिंमत झाली नाही.