बंकरचा राखणदार

लढाई संपून पोरांना पोरं झाली, तरी टेकडीच्या पोटातला बंकर ओसच होता. शेवटी नगरपालिकेने भिंतींना चुना काढला, छताला झरोके पाडले, बाकं मांडली आणि पाटी लावली : 'निवांत बसा.' किल्ली म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे आली. लढाईत तिथलं लोखंडी दार तोच सांभाळायचा.

"जन्मभर दारच सांभाळलंत, घर कधी सांभाळणार?" बायको म्हणाली. त्याला हसू आलं नाही.

शेजारची शिंपीणबाई दुपारी शिवणयंत्र झाकून तिथे येऊन बसायची. "कानांना सुट्टी मिळते, भाऊजी," म्हणायची. लढाईत ती तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी होती. नवरा मात्र इथेच बॉम्बहल्ल्यात गेला. "बंकरकडे येताना वाटेतच गेला," असं पहारेकऱ्याने तिला सांगितलं होतं.

एके दिवशी तिने बाकांसाठी गाद्या शिवून आणल्या. पैशांचं विचारताच म्हणाली, "ह्यांना खांद्यावर घालून घरी आणलंत तुम्ही. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत. तुमच्याकडून पैसे घेऊ?"

तो बाकावर बसला.

"वहिनी, तो वाटेत गेला नाही. दारापर्यंत आला होता. विमानं डोक्यावर होती, आतले ओरडत होते, उघडू नको म्हणून. माझा हात कडीवर होता. मी उघडलं नाही."

तिने हातातली गादी खाली ठेवली.

"हाक मारली त्यांनी?"

"मारली. माझंच नाव घेऊन."

"आणि इतकी वर्षं माझ्या घरी येऊन चहा प्यायलात?"

ती उठून निघून गेली.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. पण माफीची वाट बघत बसू नका."

त्याने लोहाराला बोलावून दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. नगरपालिकेच्या साहेबांची बोलणी खाल्ली. अन्न गोड लागेना. शिंपीणबाईच्या घरावरून जायचं टळावं म्हणून तो लांबून वळसा घालून कामाला यायचा.

पावसाळा सरल्यावर ती आली, लेकीला घेऊन. भाऊजी म्हणाली नाही.

"हिला सांगा. सगळं. माझ्याच्याने होणार नाही."

त्याने उभ्यानेच सांगितलं. लेक बापाला कधी भेटलीच नव्हती म्हणावी, इतकी लहान होती तेव्हा. तिने एवढंच विचारलं, "बाबा घाबरले होते?"

"हो," तो म्हणाला. "आणि मीही."