न सांगता गेलेली

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच! डिचोलीच्या विनोदिनीला फसवलं कुणी, तर शेजारच्या बिऱ्हाडातल्या गौरवीनं. जिची लेक तारा तिनं सहा महिन्यांची असल्यापासून सांभाळली, त्या गौरवीनं.

गौरवी म्हापशाला नोकरीला जायची. पोर रडेल म्हणून रोज मागल्या दारानं सटकायची. मग तारा दिवसभर कावरीबावरी. शेवटी विनोदिनीनं तिला अडवलंच. "चोरासारखी जातंस कित्याक गो? रडांदे तिका! तोंडार 'येतां' म्हण नि जा. सांगान गेल्ला माणूस परत येता, ह्या पोराक कळाक नको?"

सुरुवातीला तारानं घर डोक्यावर घेतलं. मग हुंदके देता देता हात हलवू लागली. पण संध्याकाळी गौरवी आली, की पोर विनोदिनीच्याच खांद्यात तोंड लपवायची. गौरवी हसायची. त्या हसण्यामागे काय शिजतंय, ते भोळ्या विनोदिनीला कळलं नाही.

एकदा गौरवीच म्हणाली, "मावशी, बहिणीकडे वाळपईला जाऊन या. मी रजा घेतलीय." पहाटे निघताना विनोदिनी ताराला उठवून सांगणार होती. गौरवीनं ओठांवर बोट ठेवलं. झोपू दे म्हणाली.

परत येते तर शेजारी कुलूप! बिऱ्हाड धारगळला हललेलं. फोनवर गौरवी म्हणते, "तुम्ही दोघी रडला असता, म्हणून नाही सांगितलं." विनोदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो नि वैद्य मरो!

आठवड्यानं गौरवीचाच फोन. "मावशी, तारा जेवत नाही. मला न्हाणीतसुद्धा जाऊ देत नाही. एकदा या ना."

मेले तरी पाऊल टाकणार नाही, असं बजावून विनोदिनी दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसनं धारगळला पोचली.

"बाय माजी!" दारातच तिनं हात पसरले. तारानं ओळखलं. आणि तोंड फिरवून तिनं आईच्या मानेला मिठी मारली. पेजेची वाटी पुढे केली, तरी वळून बघितलं नाही.

"रुसली असेल," गौरवी पुटपुटली.

"रुसात नाय तर काय करीत!" विनोदिनीचा बांध फुटला. "तू माका फसयलंस, ता मी गिळीन. पण तिच्या लेखी न सांगता पळान गेली ती मी गो, मी!"

दुपारी तारा झोपली. "आता निघा मावशी, उठायच्या आत," म्हणत गौरवीनं मागलं दार उघडलं.

विनोदिनी पुढच्या पायरीवर जाऊन बसली. पोर उठेपर्यंत ती हलणार नव्हती. तिच्या तोंडावर 'येतां' म्हणायचं होतं. आणि परत येऊन ते खरं करू देणं गौरवीच्या हातात होतं.