कॉम्प्युटरवर चढलेले हेडसर
नव्वदच्या दशकात मी पणदऱ्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो. प्रोग्रॅममध्ये आकडा वाढवला की कॉम्प्युटरच्या आवाजाचा सूर चढतो, कमी केला की उतरतो, एवढं सांगून मी आठवीच्या पोरांना स्वतःची चाल बांधायला लावली. बहुतेकांच्या चालीत शेळ्याच ओरडल्या. एका मुलीची चाल मात्र संथ सुरू व्हायची, मग तडतडत चढायची आणि शेवटी खाली येऊन खाकरायची. वर्गाने लगेच ओळखलं, हे आमचे हेडसर रागावतायत!

हसण्याचा गलका ऐकून हेडसरच आत आले. त्यांनी डोळे मिटून चाल ऐकली आणि म्हणाले, "झकास! स्नेहसंमेलनात वाजवा."

संमेलनात मी माइक कॉम्प्युटरला टेकवला. चाल सुरू झाली, तशा पहिल्या रांगेतून हेडसरांच्या पत्नी म्हणाल्या, "अवो, तुमी घरी वरडता तसंच हाय की ह्ये!"

अख्खा मांडव हसला. हेडसर लालबुंद झाले. नंतर त्यांनी त्या मुलीला गाठलं.

"मी खरंच एवढ्या वरच्या पट्टीत ओरडतो?"

"व्हय, सर."

त्यांनी वेळापत्रकात माझा एक तास वाढवला. ओरडणं मात्र तसूभर कमी केलं नाही.